दोन मागण्यांचा अर्ज

के. आर. पुरमच्या सरकारी कचेरीसमोर, करंजाच्या झाडाखाली, माझे टेबल आहे. अर्ज, तक्रारी, वारसाच्या विनंत्या आणि प्रतिज्ञापत्रांचे मसुदे लिहिण्याचे काम मी तेथे अनेक वर्षे करीत आले. शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंतचे, आणि तेही वडिलांची दृष्टी अधू झाल्यामुळे मध्येच सुटले. वडील याच झाडाखाली बसून अर्ज लिहीत. पुढे ते सांगत आणि मी लिहीत असे. पुढे त्यांनी सांगण्याआधीच मी लिहू लागले. एके दिवशी आलेल्या माणसाने त्यांना ओलांडून मला नमस्कार केला, तेव्हा टेबल माझे झाले. वकिलांनी केलेले कागद मी दुरुस्त केले आहेत. एका तहसीलदारांनी माझा अर्ज आपल्या कारकुनांना नमुना म्हणून दाखवला होता. हे सांगण्यात बढाई नाही. पुढे जी चूक सांगणार आहे ती अडाण्याची नव्हती, जाणत्याची होती, एवढे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

माझे सर्व लिखाण कन्नडमध्ये, आणि साहेब तसाच असेल तर चार ओळी इंग्रजीत. मराठी ही आमची घरची भाषा. आमचे पूर्वज या मुलखात केव्हा आले हे घरात कोणालाच नीट सांगता येत नाही, पण देवासमोर आणि भांडणात अजून मराठीच येते. त्या भाषेत मी आजवर एकही अर्ज लिहिलेला नाही. हे मात्र तिच्यातच लिहीत आहे, आणि कोणाकडे काही न मागता इतका मजकूर लिहिण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग आहे.

माझ्या टेबलाला पाटी नव्हती. तिची गरज नव्हती. नव्या माणसाला कचेरीचे शिपाईच सांगत, "अंबाड्यात पेन खोचलेल्या अक्का बसल्यात ना, त्यांच्याकडे जा." केस मला पुष्कळ होते. मोकळे सोडून पाटावर बसले की जमिनीला टेकत. त्यांचा अंबाडा नारळाएवढा होई आणि त्यात खोचलेले पेन मी काढीपर्यंत जागचे हलत नसे. रस्त्याच्या पलीकडे एक निवृत्त टंकलेखक आपले यंत्र घेऊन बसत. ते मला 'लायरम्मा' म्हणत. वकीलबाई असा त्याचा अर्थ, पण त्यांच्या तोंडी तो आदराचा नव्हता.

"लायरम्मा, पेन डोक्यावर ठेवता, मग डोकं कुठं ठेवता?" असे ते पलीकडून विचारत. मी उत्तर देण्याची तसदी घेत नसे. अर्जदार सारे ऐकत असतात.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, आंघोळ करताना, डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून पाच महिने मी तिला पुढची तारीख देत राहिले. शेवटी यजमानांनी एक दिवस कारखान्यात रजा टाकली आणि मला शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मोठ्या दवाखान्यात नेले. यजमान बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात लेथवर काम करीत. दिवसभर यंत्राचा आवाज ऐकणारा माणूस घरी फारसे बोलत नाही. तपासण्या झाल्या, कर्करोग निघाला आणि डावा स्तन काढून टाकण्यात आला.

त्याचे मला दुःख झाले नाही असे नाही. परंतु खरे लिहायचे ठरवले आहे, म्हणून लिहिते की वाटले होते त्याहून ते कमी झाले. जे गेले ते पदराखाली होते. कचेरीच्या आवारात कोणाला काही कळले नाही. डावा हात खांद्याच्या वर जाईना, पण कागद दाबून धरण्याइतका चालत होता, आणि माझ्या धंद्यात डाव्या हाताचे काम तेवढेच असते.

टाके सुकल्यावर डॉक्टरबाईंनी पुढचे सांगितले. बाई वयाने माझ्याएवढ्याच, चष्मा कपाळावर चढवून बोलणाऱ्या. आमचे बोलणे कन्नडमध्ये होई, येथे मी ते मराठीत उतरवीत आहे.

"अम्मा, आता किमो द्यायचा. शिरेतून औषध. तीन तीन आठवड्यांनी, सहा वेळा. गाठीचे कण कुठे उरले असले तर ते यानं मरतात. मात्र याला उशीर करायचा नाही."

"त्रास काय होतो?"

"मळमळतं. तोंड येतं. थकवा येतो. केस जाऊ शकतात."

"किती?"

"काहींचे सगळे जातात, काहींचे विरळ होतात. आधी सांगता येत नाही. पण परत येतात."

नंतर त्या आणखी दहा मिनिटे बोलल्या. त्यातले मला काही आठवत नाही. बसमध्ये बसल्यावर मी अंबाड्याला हात लावून पाहिला. पेन जागेवर होते.

घरी आल्यावर यजमानांनी कॉफी केली. माझ्यासमोर पेला ठेवून ते म्हणाले, "तिरुपतीला बायका रांगेत उभ्या राहून केस देतात की. तसं समजायचं."

"त्या आपण होऊन देतात. माझे काढून नेणार आहेत. दान वेगळं आणि जप्ती वेगळी."

"हां, ते खरं," एवढे बोलून ते पेला विसळायला गेले.

उपचार घ्यायचा नाही असे माझ्या मनात क्षणभरही आले नव्हते, हे येथे स्पष्ट नमूद करते. मला जगायचे होते. पण अंबाड्यासकट जगायचे होते. डोक्यावर पदर घट्ट ओढून मी टेबलावर बसले आहे, शिपाई नव्या माणसाला माझी खूण सांगू शकत नाही आणि रस्त्यापलीकडून हाक येते आहे, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. मग मी, आयुष्यात कोणतीही अडचण आली की जे करते, तेच केले. अर्ज लिहायला बसले.

येथे वडिलांची पद्धत सांगणे भाग आहे. ते म्हणत, अर्जात नेहमी दोन मागण्या घालाव्यात. पहिली मोठी, मान्य न होणारी. दुसरी लहान, जी आपल्याला खरोखर हवी असते. अधिकाऱ्याला काहीतरी नाकारल्याशिवाय आपण अधिकारी आहोत असे वाटत नाही. पहिली नाकारून त्याचे समाधान होते आणि दुसरी तो मोठ्या मनाने देतो. एका गल्लीला कोपऱ्यावर पाण्याचा नळ हवा होता. आम्ही घरोघरी नळ मागितला. घरोघरीचा नामंजूर झाला, कोपऱ्यावरचा मिळाला आणि गल्लीने वडिलांना हार घातला. या पद्धतीने मला कधीही दगा दिला नव्हता.

त्यानुसार मी लिहिले. विषय, संदर्भ, रुग्णाचा नोंदणी क्रमांक, सारे यथास्थित घातले. तीन परिच्छेदांत माझी पार्श्वभूमी, व्यवसायाचे स्वरूप आणि त्यात केसांचे स्थान विशद केले. शेवटी मागण्या लिहिल्या. पहिली: सदर अर्जदार महिलेस नियोजित औषधोपचारातून संपूर्णपणे वगळण्यात यावे. दुसरी: तसे करणे शक्य नसल्यास, केसांस अपाय होणार नाही किंवा अत्यल्प होईल अशा बेताने औषधाची योजना करण्यात यावी. खाली सही केली. जोडाक्षरे इतकी सुबक उतरली होती की क्षणभर आजाराचा विसर पडला.

रिवाजाप्रमाणे मी अर्ज मोठ्याने वाचून दाखवला. ऐकणारे यजमानच होते.

"पहिलं कशाला घातलंस?" त्यांनी विचारले.

"ती पद्धत आहे."

"पण तुला औषध पाहिजे ना?"

"म्हणून तर घातलंय. लेथवर मी बोलते का कधी?"



दुसऱ्या दिवशी मी तो अर्ज घेऊन दवाखान्यात गेले. खिडकीवरचा कारकून म्हणाला, "अक्का, इथं अर्ज-बिर्ज घेत नाहीत. डॉक्टरांना भेटून सांगा."

"तोंडी सांगितलेल्याला आधार काय?" मी विचारले. "कागद आत घ्या, फाइलला लावा आणि माझ्या प्रतीवर पोच द्या."

"शिक्का तसा मारत नाही हो आम्ही."

"मग कसा मारता ते लिहून द्या."

मागे रांग वाढत होती. कारकुनाने माझ्याकडे एकवार पाहिले, शिक्का उचलला आणि दोन्ही प्रतींवर मारला. मी प्रत घडी घालून पिशवीत ठेवली आणि बऱ्याच दिवसांनी ताठ मानेने बसस्टॉपवर आले.

पहिल्या औषधाचा दिवस आधीच ठरलेला होता. त्या सकाळी यजमानांनी पुन्हा रजा घेतली. दहीभाताचा डबा, मोसंबी आणि उलटी झाली तर असू दे म्हणून जुना टॉवेल, एवढे घेऊन आम्ही निघालो. वाटेत मी त्यांना सांगितले की डॉक्टरबाई बहुधा दुसऱ्या मागणीबद्दल काही विचारतील, तेव्हा त्यांनी मध्ये बोलू नये. त्यांनी मान हलवली.

बाहेरच्या बाकावर बसून आम्ही नावे ऐकत राहिलो. सारी नावे पुकारून झाली, माझे आलेच नाही. मी खिडकीशी गेले. कारकून तोच होता. त्याने यादीवरून बोट फिरवले, मग मागच्या कपाटातून फाइल काढली आणि माझ्यासमोर उलटी करून धरली.

"तुमचं नाव काढलंय अक्का. तुम्हीच दिलंय ना लिहून?"

फाइलला माझा अर्ज लावलेला होता. पहिल्या मागणीखाली लाल रेघ होती आणि बाजूला डॉक्टरबाईंच्या अक्षरात लिहिले होते, रुग्ण उपचारास नकार देते, लेखी नकार सोबत.

दुसऱ्या मागणीखाली रेघ नव्हती.

मी तो कागद वाचला आणि पुन्हा वाचला. जन्मभर मी लोकांना सांगत आले होते की सही केलेला कागद म्हणजे सुटलेला बाण, मागे वळत नाही. टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर आपली फाइल पाहताना जो पांढरा भाव येतो, तो मी शेकडो वेळा पाहिला होता. तो आतून कसा असतो हे मला ठाऊक नव्हते. कोणाही अधिकाऱ्याने माझी पहिली मागणी आजवर मान्य केली नव्हती. ती मान्य झाली तर काय करायचे, हे वडिलांनी सांगितले नव्हते.

"आता पुढची यादी केव्हा?" यजमानांनी विचारले.

"ती डॉक्टरच ठरवणार. नवीन माणसं घेतलीत की यांच्या जागी."

उशीर करायचा नाही, हे डॉक्टरबाईंचे वाक्य मला त्या क्षणी एकाएकी जसेच्या तसे आठवले. मी बाकावर बसले, पिशवीतून कोरा कागद काढला आणि पेनासाठी अंबाड्यात हात घातला. विषय काय लिहायचा तेही ठरले होते: यापूर्वी सादर केलेला अर्ज मागे घेण्याबाबत.

यजमानांनी माझे मनगट धरले. चारचौघांत त्यांनी माझा हात धरल्याचे मला लग्नानंतर आठवत नाही.

"लिहू नकोस आता," ते म्हणाले. "जा आणि तोंडानं सांग."

डॉक्टरबाईंच्या दाराशी दुपारपर्यंत बसलो. आतून बाहेर येणाऱ्या बायकांकडे मी प्रथमच नीट पाहिले. कोणी डोक्याला रुमाल बांधलेला, कोणी पदर घेतलेला, एका आजींनी काहीच घेतलेले नव्हते आणि त्या मजेत मोसंबी सोलत होत्या. त्यांनी मला एक फोड दिली. "नवीन का?" त्यांनी विचारले. मी हो म्हणाले. नाव यादीतून काढले आहे हे सांगायची मला लाज वाटली.

आत बोलावले तेव्हा डॉक्टरबाई फाइल पाहून थबकल्या.

"बसा अम्मा. तुम्ही परत याल असं वाटलं नव्हतं."

मी वाक्य जुळवून ठेवले होते. "सदर प्रकरणी," असे मी सुरू केले आणि पुढचे शब्दच मिळेनात. दुसऱ्याच्या वतीने मी हजारो विनंत्या केल्या होत्या. स्वतःसाठी, तोंडाने, समोरच्या माणसाकडे पाहून एकही केलेली नव्हती. चष्मा खाली घेऊन बाई थांबून राहिल्या.

"मला औषध पाहिजे," मी म्हणाले. इतका आखूड मजकूर माझ्याकडून कधी गेला नव्हता.

"मग हे?" त्यांनी अर्जावर बोट ठेवले.

मग मी त्यांना वडिलांची पद्धत सांगितली, गल्लीतल्या नळासकट. मी सांगत होते आणि त्या हळूहळू खुर्चीत मागे टेकत गेल्या.

"अम्मा," त्या म्हणाल्या, "इथं नको म्हणणाऱ्या बायका पुष्कळ येतात. म्हणजे येत नाहीत. नुसत्या यायच्या बंद होतात. लिहून देणाऱ्या तुम्ही पहिल्या. मला वाटलं, एवढं मुद्देसूद लिहिणारी बाई, विचार करूनच लिहिलं असणार. मी काय म्हणणार मग? फोन घरी नाही. दोन दिवस वाईट वाटत होतं मला."

"तुम्ही दुसरी मागणी वाचली नाहीत?"

"पहिलीत औषध नको म्हटल्यावर दुसरी कशाला वाचू?"

त्यांनी चष्मा सारखा करून दुसरी मागणी तेथेच वाचली, आणि त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"ऐका. तुमच्यासाठी जी औषधं मी ठरवली होती त्यांत पुष्कळांचे केस विरळ होतात, सगळे जातातच असं नाही. हे मी त्या दिवशी सांगितलं होतं. कबूल मात्र काहीच करत नाही. सगळे गेले तर?"

"गेले तर गेले."

"नक्की? की हीसुद्धा पद्धत आहे?"

"नाही," मी म्हणाले. "ही एकच मागणी आहे."

त्यांनी लाल पेन उघडले आणि माझ्या अर्जाच्या समासात, एखाद्या जुन्या मुरलेल्या अधिकाऱ्यासारखे लिहिले: पहिली मागणी अर्जदाराने तोंडी मागे घेतली. दुसरीची नोंद घेतली, हमी नाही. खाली सही केली. मग कारकुनाला बोलावून त्यांनी विचारले की उद्या सकाळी एक खाट जास्तीची लावता येईल का. कारकून म्हणाला, "स्वल्प अडचण आहे, पण करू." बाहेर येऊन मी यजमानांना 'उद्या' एवढा एकच शब्द सांगितला. त्यांनी डबा उघडला आणि आम्ही दोघांनी तेथेच बाकावर बसून दहीभात खाल्ला. इतका चवीचा दहीभात मी त्यानंतर खाल्लेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्या हाताच्या शिरेतून औषध सुरू झाले. त्यातली एक बाटली पिवळसर होती. ती थेंबथेंब उतरत असताना मला भीती वाटायला हवी होती. प्रत्यक्षात यादीत नाव आहे, एवढ्या एका गोष्टीने मी इतकी निर्धास्त झाले की झोपच लागली.

पुढच्या चार-पाच महिन्यांचे वर्णन लांबवत नाही. तोंड आले, मळमळ झाली, फोडणीचा वास नकोसा झाला आणि यजमान पेज करायला शिकले. केस फणीत येऊ लागले. दुसऱ्या औषधानंतर अंबाडा मोसंबीएवढा झाला आणि चौथ्यानंतर लिंबाएवढा. पण डोके पूर्ण उघडे पडले नाही. बरे वाटे त्या दिवसांत मी टेबलावर बसत होते. एकदा अर्ज वाचून दाखवताना अंबाड्यातले पेन सुटले आणि धुळीत पडले. रस्त्यापलीकडून ते टंकलेखक उठून आले, त्यांनी पेन उचलले, धोतराच्या सोग्याने पुसले आणि माझ्यासमोर ठेवले. आता काहीतरी ऐकावे लागणार, म्हणून मी मन घट्ट केले.

"लायरम्मा, आमची बहीण अशीच होती," ते म्हणाले. "तिनं औषध घेतलंच नाही." एवढे बोलून ते परत आपल्या यंत्राकडे गेले. दुसऱ्या दिवसापासून थट्टा पूर्ववत सुरू झाली, आणि मला त्याचे बरेच वाटले.

सहावे औषध संपले. तपासण्या चांगल्या आल्या. सहा महिन्यांनी पुन्हा चांगल्या आल्या, वर्षानेही आल्या. केस परत आले ते निम्मे पांढरे आणि किंचित कुरळे. पूर्वीचा अंबाडा काही झाला नाही. पेरूएवढा होतो.

अशाच एका तपासणीच्या वेळी डॉक्टरबाई माझे कागद बाजूला सारून म्हणाल्या, "अम्मा, एक काम होतं. बाहेर बायका बसतात तिथं पंखा नाही. व्यवस्थापनाला चार वेळा सांगून झालं. तुम्ही एक अर्ज लिहून द्या मला. तुमच्या पद्धतीनं."

"तुम्हाला किती पंखे हवेत?"

"दोन पुरेत."

मी विचार केला. "पहिल्या मागणीत आठ लिहिते. पण आधी सांगा, वाचणारा पहिल्यालाच हो म्हणाला, तर आठ चालतील का?"

"चालतील की," त्या म्हणाल्या.

"मग सरी, ठीक आहे," मी म्हणाले, आणि अंबाड्यातून पेन काढले.